रणगाडा, एकास पस्तीस

मोजमाप्यांनी रविवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना, जाहीर केलं की आपण रणगाडा बांधणार आहोत.

घरात शांतता वगैरे काही पसरली नाही. त्यासाठी आधी कुणीतरी ऐकावं लागतं. बायको मिक्सरशी भांडत होती आणि लेक भूमितीशी. म्हणून उरलेली दाढी उरकून, कानामागचा साबण पुसून, त्यांना तीच घोषणा स्वयंपाकघराच्या दारात पुन्हा करावी लागली. दुसऱ्यांदा केलेल्या घोषणेत निम्मा दम उरत नाही, पण इलाज नव्हता.

"रणगाडा," ते म्हणाले. "अण्णांच्या पंचाहत्तरीला भेट. त्यांनी चालवला तोच. अगदी हुबेहूब. एकास पस्तीस."

"कपाट अजून हलतंय," बायको म्हणाली. "आधी त्याच्या पायाखाली काहीतरी घाला, मग युद्धावर जा."

मोजमापे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते पार्सल कचेरीत मापाच्या खिडकीवर बसतात. लोक खिशाला पेन लावतात, हे टेप लावतात. खोकं नियमापेक्षा एक सेंटिमीटर मोठं निघालं की परत! साहेबांच्या मेहुणीचं खोकं परत केलं त्या दिवशी कचेरीने त्यांचं बारसं केलं आणि ते नाव घरापर्यंत चालत आलं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट आतून जरा बरंच वाटायचं.

अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. सैन्यात रणगाड्याचे चालक होते, दोन गल्ल्या सोडून राहतात. माणूस वाईट नाही, पण जावयाच्या हातावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मोजमाप्यांनी घट्ट केलेला स्क्रू ते जाता जाता पुन्हा घट्ट करतात. मोजमाप्यांनी लावलेलं कुलूप ओढून बघतात. मोजमापे बल्ब बदलायला स्टुलावर चढले की खालून आवाज येतो, "तुम्ही उतरा जावईबापू, मी बघतो." ऐकायला किती आदराचं! अठरा वर्षं ऐकून बघा. मोजमाप्यांना सोनंनाणं नको होतं, मानपान नको होता. आपल्या हातची एक वस्तू, एकच, म्हाताऱ्याने उलटीसुलटी करून पाहावी आणि तिच्यात काही दुरुस्त करायला निघू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

रणगाड्याचं खोकं आलं. आत तीनशे बेचाळीस तुकडे. काही तुकडे इतके बारीक की शिंक आली असती तर अर्धी पलटण शेजारच्या घरात गेली असती. एकास पस्तीस म्हणजे काय, ते मोजमाप्यांनी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं: खऱ्या रणगाड्यातली प्रत्येक गोष्ट पस्तीसने भागायची. लांबी, रुंदी, दोर, कडी, सगळं. एकही गोष्ट सुटता कामा नये. एक सुटली की तो रणगाडा नव्हे, खेळणं.

त्या दिवसापासून माणूस भागाकाराने झपाटला. खुर्ची अडीच सेंटिमीटर. दार सहा सेंटिमीटर.

"तू साडेचार," ते बायकोला म्हणाले.

"साडेचार काय?"

"सेंटिमीटर. एकास पस्तीसमध्ये."

"अस्सं. आणि घरातलं काम? त्यालाही भागा की पस्तीसने."

लेक खो खो हसली आणि तिचा भागाकार लगेच झाला. ती चार पॉइंट तीन निघाली. तिला आईपेक्षा दोन मिलिमीटर कमी असणं अजिबात पटलं नाही; तिने टाचा उंचावून फेरमोजणी मागितली. टाचा अमान्य झाल्या.

अशी बातमी जिन्यात किती वेळ टिकणार? वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. दुसऱ्या दिवशी ते आपली जुनी हत्यारं रुमालात गुंडाळून खाली आले, भिंग डोळ्याला लावून खुर्चीत बसले आणि उठेचनात. "तीस वर्षं लोकांच्या तोंडात काम केलं," ते म्हणाले, "पण हे काम काय सुंदर आहे हो! कुणी ओरडत नाही." चिमट्यात चाक धरताना सवयीने ते पुटपुटायचे, "दुखलं तर हात वर करा." शेजारच्या काकूंचं म्हणणं असं की एवढे कष्ट करताच आहात तर थोडा मोठा करा ना, शोकेसमध्ये उठून दिसेल. आणि हिरव्याऐवजी आकाशी रंग द्या. मोजमाप्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते खिडकीवर गोल पार्सल आणणाऱ्याकडे पाहतात.

पहिला दगा चालकाने दिला. खोक्यात माणूस नव्हता. मोजमाप्यांनी दुसऱ्या दुकानातून एक चालक आणला, टोपीसकट, कमरेला पट्टा, एकदम रुबाबदार. तो झाकणातून आत जाईना. डोकं जाई, खांदे अडत. उलटा घातला तर पाय जात आणि कंबर अडे. मोजमाप्यांनी टेप काढली. पाच पॉइंट चार. गुणिले पस्तीस. उत्तर आलं एकशे एकोणनव्वद!

"हा एकास बत्तीसचा आहे," ते खुर्चीत कोसळत म्हणाले. "फसवलं. अण्णांची उंची एकशे अडुसष्ट. हा माणूस एकवीस सेंटिमीटर जास्त आहे!"

"तीनचाच तर फरक," काकू म्हणाल्या.

"काकू, तीनचा फरक म्हणजे रणगाड्यात राक्षस बसवण्यासारखं आहे."

मग डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. गुडघ्यापासून थोडं, कमरेतून थोडं, आणि टोपीखालून अगदी नावाला. लेकीने रुग्णाचे पाय धरले. चालक चार पॉइंट आठला आला, जरा बसका दिसू लागला आणि त्यामुळे हुबेहूब अण्णांसारखा दिसू लागला. फक्त मिशा राहिल्या. अण्णांच्या मिशा म्हणजे घराण्याची इभ्रत. अंदाजाने चालणार नाही. तेव्हा दुपारी अण्णा खुर्चीत डुलकी घेत असताना लेक शिवणाची टेप घेऊन गेली. एक टोक डाव्या मिशीला लागलं, दुसरं उजव्या मिशीला लागणार, इतक्यात अण्णांनी डोळे उघडले.

"काय चाललंय गं?"

"माशी होती, आजोबा."

"केवढी?"

"चौदा सेंटिमीटर," पोर घाबरून बोलून गेली. नशिबाने अण्णा पुन्हा झोपले. चौदा भागिले पस्तीस, चार मिलिमीटर. टूथब्रशचा एक केस कापून, दोन्ही टोकं वर वळवून चिकटवला. तो टूथब्रश मोजमाप्यांचाच होता हे त्यांना चार दिवसांनी कळलं.

इथवर सगळं सुखरूप होतं. घात केला तो काकूंच्या एका वाक्याने. रंगवलेल्या रणगाड्याकडे बघत, चहा फुंकत त्या सहज म्हणाल्या, "नळी आखूड वाटते हो. आपल्या चौकातल्याची केवढी लांब आहे!"

चौकात खरंच एक रणगाडा उभा होता. अण्णांच्या तुकडीतलाच, त्याच जातीचा, हिरवळीवर, भोवती साखळी. मोजमापे दहा वर्षं रोज त्याच्यासमोरून कचेरीत जात होते. त्यांनी डोळे मिटून तोफेची नळी आठवली. लांब होती. नक्की लांब होती. खोक्यातली नळी चौदा पॉइंट आठ, म्हणजे खरी पाचशे अठरा व्हायला हवी. चौकातली पाचशे अठरा? छे!

"अण्णांनाच विचारा ना," लेक म्हणाली.

"खबरदार," आई म्हणाली. "एक तर भेट गुपित आहे. आणि चौकाचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही. बारा वर्षं ते त्या रस्त्याने जात नाहीत, लांबून वळसा घालून जातात. जुन्या आठवणी असतात माणसाच्या. विचारू नये."

हे सगळ्यांना पटलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेली हीच ती चूक. पण ते पुढे.

दुसऱ्या दिवशी मोजमापे टेप घेऊन साखळी ओलांडणार, तोच रखवालदाराने शिट्टी फुंकली.

"मोजायचंय फक्त."

"मोजायला परवानगी लागते."

"कुणाची?"

रखवालदाराने विचार केला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "ज्यांचा रणगाडा आहे त्यांची," तो म्हणाला, आणि मोजमाप्यांच्या आयुष्यातले सहा आठवडे तिथे संपले.

पालिकेचा उद्यान विभाग म्हणाला, भोवतीचं गवत आमचं, रणगाडा आमचा नाही. गवत मोजायचं असेल तर आत्ता मोजा. पुतळे-स्मारकांच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, त्याला डोकं आहे का? नाही? मग पुतळा नव्हे. वाहन विभागातले गृहस्थ आधी खूश झाले, चाकं आहेत म्हणाले, पट्टे आहेत म्हणाले, फॉर्मसुद्धा काढला, आणि नंबरप्लेटच्या रकान्यापाशी अडले. बांधकाम विभागाने फाइल उघडून तीत फक्त "सदर वस्तू" असा उल्लेख असल्याचं दाखवलं आणि फाइल मिटली. इतकी वर्षं आपण खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना परत पाठवलं, त्याची परतफेड चाललीय, असं मोजमाप्यांच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनी ते झटकलं, कारण त्यांच्या खिडकीवर नियम तरी होता.

शेवटी रणगाडा सापडला दिवाबत्ती विभागात. कारण काय? तर तोफेच्या टोकाला एक दिवा लावलेला होता. म्हणून कागदोपत्री तो आख्खा रणगाडा हा विजेचा खांब होता.

"आडवा खांब," कनिष्ठ अभियंता म्हणाले. दमलेला, सज्जन माणूस. "मोजा की. पण माझ्या समोर, अकरा ते बारा, आणि वर चढायचं नाही."

मोजणीच्या दिवशी चौकात ही गर्दी! डॉक्टर दवाखाना बंद करून आले. काकू छत्री घेऊन. लेक शाळेला दांडी मारून, म्हणजे तिच्या मते प्रात्यक्षिकासाठी. शिडी धरायला चारजण, सल्ला द्यायला चाळीस. "टेप ताणा!" "ताणू नका, तुटेल!" "दिव्यासकट धरा!" "दिवा वगळा हो, दिवा काय तोफगोळा आहे?" शिडीवर मोजमाप्यांची टेप जराही हलत नव्हती. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा एकच.

सहाशे तेवीस.

अभियंत्यांनी कागदावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. भागिले पस्तीस, सतरा पॉइंट आठ. खोक्यातली नळी तीन सेंटिमीटर आखूड! मोजमापे शिडीवरून उतरले ते गड जिंकून आल्यासारखे. एवढी नावाजलेली कंपनी चुकली आणि पार्सल खिडकीवरच्या माणसाने ती पकडली! घरी जाऊन त्यांनी जुनी नळी करवतीने कापून फेकून दिली आणि तिच्या जागी बायकोची विणायची सुई बसवली, पोलादी, सरळसोट, मोजून सतरा पॉइंट आठ. बायकोचा स्वेटर तेव्हा एका बाहीवर होता. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि रणगाडा नाकावर पडला. पोलादाचं वजन. उचलून ठेवला, पुन्हा पडला. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, माझ्याकडे कवळीचं प्लास्टर आहे, मागच्या पोटात भरू. भरलं. जरा जास्तच भरलं. ते झाकणातून उतू आलं आणि चालक छातीपर्यंत प्लास्टरमध्ये गाडला गेला. खरवडून काढेपर्यंत घट्टही झालं. आता तो मिशांसकट बाहेर बघत होता, बाकी तो आणि रणगाडा जन्माचे एक झाले होते. पण रणगाडा सरळ उभा होता आणि माप अचूक होतं. मोजमाप्यांनी त्या रात्री घोरतसुद्धा आकडे मोजले, असं बायको सांगते.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी, डॉक्टर आणि काकूंसकट सगळ्यांसमोर, केक कापून झाला. मोजमाप्यांनी रणगाडा टेबलावर ठेवला आणि वरचा रुमाल काढला.

अण्णांनी चष्मा बदलला. वाकले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. मिशा पाहून त्यांची स्वतःची मिशी जरा हलली. मग ते समोरून बघायला लागले आणि मिशी थांबली.

"नळी लांब आहे," ते म्हणाले.

"नाही अण्णा," मोजमापे म्हणाले. "बाकी काहीही चुकलं असेल. नळी चुकलेली नाही. मी मोजलीय. चौकातली. तीनदा!" आणि त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर आपटला. केकवरची एक मेणबत्ती आडवी झाली. "हा घ्या. सहाशे तेवीस. सही, शिक्का, सगळं."

अठरा वर्षांत या घरात कुणी अण्णांसमोर काही आपटलं नव्हतं. लेकीने आईचा हात धरला.

अण्णांनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्ची ओढून हळूच बसले.

"ती नळी डोक्यावर घेऊन मी बोळाबोळांतून रणगाडा वळवलाय," ते म्हणाले. "कुठे संपते ते मला ठाऊक नसेल तर कुणाला? पाचशे अठरा. चौकातली नळी बारा वर्षांपूर्वी मोडली. फर्निचरचा ट्रक मागे घेताना धडकला. आणि पालिकेवाल्यांनी काय बसवलं माहितीये? सांडपाण्याचा पाइप! हिरवा रंग फासला आणि दिवा टांगला. माझ्या रणगाड्याच्या तोंडात गटाराचा पाइप!"

"म्हणून तुम्ही त्या रस्त्याने..." बायको म्हणाली.

"मग काय! बघवत नाही मला."

"आम्हाला वाटलं, आठवणी."

"कसल्या आठवणी? अकरा पत्रं लिहिली मी. दर वेळी उत्तर एकच, प्रत्यक्ष मोजमाप सादर करावे. मोजायला गेलो की परवानगी आणा. परवानगी कुणाची, ते एकालाही ठाऊक नाही." त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "दिवाबत्ती? हे कुणी शोधून काढलं?"

"मी," मोजमापे म्हणाले. त्यांना आता रडावं की काय कळत नव्हतं. पाच महिने राबून त्यांनी गटाराच्या पाइपाची हुबेहूब प्रतिकृती बनवली होती. तीही अचूक मापात! चुकीच्या वस्तूचं एवढं बरोबर माप या शहरात आजवर कुणी घेतलं नसेल.

"करवत आहे का?" अण्णांनी विचारलं.

झालं. दुरुस्ती. मोजमाप्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी बारीक करवत पुढे केली. अण्णांनी टेपने चौदा पॉइंट आठवर खूण केली, करवत सुईवर टेकवली आणि ती टकटक वाजू लागली. अण्णांचा हात कापत होता. त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. आणखी कापायला लागला.

मग अण्णांनी करवत जावयाकडे धरली.

"तुम्हीच कापा. मी रणगाडा धरतो."

मोजमाप्यांनी कापलं. पोलाद ते, बराच वेळ लागला आणि दात आंबतील असा आवाज झाला. अण्णा दोन्ही हातांनी रणगाडा घट्ट धरून बसले होते, आणि मधेच "सावकाश, घाई नाही" एवढंच म्हणाले. तीन सेंटिमीटरचा तुकडा केकच्या ताटलीत टण्णकन पडला. पुढचं वजन गेलं, मागचं प्लास्टर तेवढंच राहिलं, आणि सोडल्याबरोबर रणगाडा नाक आभाळाकडे करून मागे कलला.

मोजमाप्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, चढावर अस्साच दिसायचा!" अण्णा ओरडले. आणि ते हसायला लागले, मिशा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. प्लास्टरमधला चालक पुढे बघत राहिला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी ताटल्या बाजूला सारल्या आणि नातीच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं.

"आता चौकातली कापायची. काय करावं लागेल?"

"अर्ज," मोजमापे ताठ बसत म्हणाले. हा विषय त्यांचा होता. "दिवाबत्ती विभागाकडे, तीन प्रतींत. आधी दिवा उतरवण्याचा, मग पाइप कापण्याचा. दोन्ही एकदम मागितले तर दोन्ही नाकारतात."

"लिहा मग."

मोजमाप्यांनी लिहिलं. विषय, संदर्भ, मोजमाप, सोबत जोडलेला कागद. खाली सहीसाठी दोन रेघा ओढल्या आणि वरची रेघ समोर येईल असा कागद फिरवून अण्णांकडे सरकवला. अण्णांनी तो वाचला, कुठेही काहीही न खोडता, आणि पुन्हा फिरवून परत केला.

"वर तुमची सही," ते म्हणाले. "मोजलंय तुम्ही."